कोठीच्या खोलीतले अकरा पाहुणे

चिंचटोला, कोहमाऱ्याजवळ,
रविवार, १६ नोव्हेंबर. (सकाळी नऊला लिहायला घेतले.)

तीर्थस्वरूप मनिराम मामाजी यांच्या पायांवर भाचा भुपेंद्र याचा डोके टेकून नमस्कार, आणि सुभद्रा मामीजींनाही तेवढाच, मात्र सध्या थोड्या अंतरावरून. (‘तीर्थरूप’ आईवडिलांना लिहितात आणि मामांना ‘तीर्थस्वरूप’, हे मला पक्के ठाऊक आहे, तेव्हा मी आपल्याला एका अक्षरानेही कमी लेखले असे कोणी म्हटल्यास विश्वास ठेवू नये.) इकडे सगळे ठीक आहे. धान कापून झाले, चुरणे व्हायचे आहे. आई बरी आहे. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण तब्येतीने तेही बरे आहेत. आपण कसे आहात? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना? आणि मुख्य म्हणजे हिरड्या कशा आहेत? काल पहाटेपासून आपल्या हिरड्यांची काळजी माझ्याइतकी आपणसुद्धा केली नसेल.

पत्र आणणारा हिमांशू हा आमच्या शेजारच्या उदाराम काकांचा मुलगा. तो मोटारसायकलने गोंदियाला निघालाच होता, म्हणून आपल्या नागऱ्याचा फेरा मी त्याच्या गळ्यात घातला. पत्र वाचून होईपर्यंत त्याला बसवून ठेवावे, चहा पाजावा, मात्र त्याच्याजवळच्या स्टीलच्या डब्याबद्दल एवढ्यात काही विचारू नये. (झाकणाला भोके मीच पाडली आहेत. एकवीस.) घरोघरी मोबाईल असताना हा पत्र कशाला लिहून राहिला, असे आपल्याला वाटेल. कारण असे की, कालपासून मी आपल्याला सात वेळा फोन लावला, सातही वेळा मामीजींनी उचलला आणि “थे झोपून राहिले” म्हणून ठेवून दिला. त्यातल्या चार वेळा मागून आपला चूळ भरण्याचा आवाज स्पष्ट येत होता.

म्हणून झालेला प्रकार पहिल्यापासून लिहितो. आपण मंडईच्या दिवशीच, गावची जत्रा न पाहता, आईने आपल्यासाठी केलेले वडे न खाता, पहाटेच्या पहिल्या बसने निघून गेलात. त्यामुळे आपल्याला या गोष्टीचा फक्त शेवट ठाऊक आहे, आणि तोही नुसत्या चवीवरून.

मागच्या मंगळवारी मी कोहमाऱ्याच्या ढाब्यावर नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी लिहीत होतो. तेवढ्यात रायपूरकडून आलेली एक जीप समोरच बंद पडली. पुढच्या चाकाचे बेअरिंग गेले होते. जीपमध्ये नागपूरच्या चेतना मॅडम होत्या आणि मागच्या सीटवर ओल्या पोत्याखाली झाकलेले डबे होते. ड्रायव्हर चाकाखाली शिरला आणि मॅडम ढाब्याचा फलक वाचत बसल्या. (त्या फलकावर पूर्वी ‘ऊसळ’ लिहिलेले होते. मी दिवाळीत स्वतःच्या खर्चाने रंग आणून ते ‘उसळ’ केले. मालक म्हणाले, गिऱ्हाईक खायला येते, वाचायला नाही. पण बघा.) मॅडमनी विचारले, हे कोणी लिहिले? मी म्हटले, मी. मग त्यांनी विचारले, इथे जवळ कोणाकडे मातीच्या घरात थंड आणि पूर्ण अंधारी खोली आहे का? मी म्हटले, आमच्याकडे धानाच्या कोठीची खोली आहे, तिला खिडकी नाही, आणि भर मे महिन्यात तिथे उघड्या अंगाने बसले तर शिंक येते. झाले, मामाजी. एका ‘उसळ’मुळे हे सगळे झाले.

त्या डब्यांत काय होते, हे आपल्याला दोन दिवस मी नीट सांगू शकलो नाही, कारण खोलीत बोलायची मनाई होती. आता सांगतो. छत्तीसगडच्या बाजूला चुनखडीचे डोंगर आहेत. पाणी झिरपून झिरपून त्यांच्या पोटात गुहा झाल्या, आणि त्या इतक्या खोल की आत उजेड कधी गेलाच नाही. तिथे जे जीव पिढ्यानपिढ्या राहिले ते अंधाराचेच होऊन गेले. मासे पांढरे पडले आणि त्यांचे डोळे बारीक होत होत कातडीखाली मिटून गेले. (पाहायला काही नाही तिथे डोळ्यांचा सांभाळ कोण करणार, असे मॅडम म्हणाल्या.) रातकिड्याचे पंख गेले, म्हणून तो किर्र करीत नाही, अगदी मुका आहे, पण त्याच्या मिशा अंगाच्या चौपट लांब झाल्या आणि त्या फिरवूनच तो जग ओळखतो. पावसाळ्यात आपल्या ओट्यावर वेटोळे करून बसतो तो असंख्य पायांचा वाणी, तोही तिथे पांढराफटक. आणि एक चपटा चाबूक-कोळी, पुढचे दोन पाय सुतळीसारखे लांब. तोंडाने भयंकर, स्वभावाने गरीब, आणि विष मुळीच नाही. थंड मुलखातल्या गुहांमध्ये असे जीव बहुतेक उपाशीच असतात म्हणे. आपल्या गरम मुलखातल्या गुहांमध्ये वरती हजारो वटवाघळे लटकलेली असतात, त्यांची लेंडी रात्रंदिवस खाली पडते आणि खाली पंगतीमागून पंगत उठते. ही लेंडीची गोष्ट लक्षात असू द्यावी. पुढे येते. (आपल्या लक्षात आहेच, ठाऊक आहे.)

जीपचे सामान नागपूरहून यायला दिवस लागणार होते, मॅडमना बैठकीसाठी पुढे जायचेच होते, आणि गर्दीच्या बसमध्ये हे जीव उकडून मेले असते. त्यांनी डबे माझ्या स्वाधीन केले. डब्यांना वनखात्याच्या परवानगीची प्रत चिकटवलेली आहे, म्हणजे बाबा म्हणतात तसे काही नाही. मला एक कागद दिला, त्यावर आठ नियम: उजेड नको, धूर नको, वास नको, वारा नको, मोठा आवाज नको, पोते सतत ओले, दिवसातून दोनदा तापमान, आणि मोजणी. निघायची घाई होती म्हणून पहिली मोजणीही त्यांनी माझ्यावरच सोपवली. मी बॅटरीला लाल कागद लावून (लाल उजेड त्यांना फारसा कळत नाही) नीट मोजले: रातकिडे सहा, वाणी दोन, मासे दोन, चाबूक-कोळी एक, एकूण अकरा. वहीत लिहिले, सही केली, फोनवर कळवले. सोमवारी सकाळी अकरा वाजता मॅडम न्यायला येणार. सगळे जिवंत हाती आले तर दोन वर्षांसाठी मला त्यांच्या कामावर घेणार, गुहेत जाऊन नोंदी ठेवायच्या. शिक्षण विचारले तेव्हा मी खरे सांगितले की, दहावी, गणितात दोनदा नापास. त्या म्हणाल्या, मला गणित नको, लक्ष पाहिजे. मामाजी, मला आजवर कोणी असे म्हटले नव्हते. चार वर्षे मी ‘दाल तडका एक, राईस हाफ दोन’ लिहितो आहे आणि ते कागद आचारी हात पुसून चुलीत टाकतो. एखादी वही कोणीतरी जपून ठेवावी, एवढीच माझी इच्छा आहे.

आता मंडई शनिवारी आहे हे मला ठाऊक नव्हते असे नाही. सोळा पाहुणे येणार हेही ठाऊक होते. पण मंडईला मनिराम मामाजींची खाट कोठीच्याच खोलीत पडते, हे मी विसरलो. बाबांना मी गुरुवारी सकाळी हात जोडून विनवले. ते म्हणाले, “वीस वर्सांपासून त्याची खाट तिथंच पडते. तुह्या किड्यांसाठी साळ्याले का कोंबड्यांत झोपवू?” बाबांचेही बरोबर होते. म्हणून आपण आल्या आल्या, पाय धुऊन व्हायच्या आधीच, मी आपल्याला आठ नियम वाचून दाखवले. तेव्हा आपण म्हणालात, “काऊन रे, मी पाहुणा होय का कैदी?” सगळे हसले. मी हसलो नाही, याचा आपल्याला राग आला असे आई म्हणते. मामाजी, मी तेव्हा तापमान पाठ करीत होतो.

मच्छरांच्या बाबतीत चूक माझी आहे. आपण कॉइल पेटवली, मी विझवली. आपण दुसरी पेटवली, ती मी चिमट्यात धरून थेट बोडीच्या पाण्यात टाकून आलो. पण मच्छर ज्या धुराने मरतो त्याच धुराने रातकिडाही मरतो, त्याला आपण पाहुणे आहोत हे कुठे कळते? मामीजींनी टाळ्या वाजवून मच्छर मारायला सुरुवात केली तेव्हा मी फक्त एवढेच सुचवले की, आवाज न करता चिमटीत धरता येईल. त्यावर मामीजी म्हणाल्या, “चिमटीत? तू धरून दाखव बाप्पा!” मी धरून दाखवला. (तिसऱ्या प्रयत्नात.) तरी त्या आपली उशी उचलून बायकांत झोपायला गेल्या. आपण मात्र हटला नाहीत. मच्छर चावू नयेत म्हणून स्वेटर, कानटोपी, मोजे घालून दोन रात्री तिथेच राहिलात. हट्टाने राहिलात असे बाबा म्हणतात, पण मी वहीत ‘सहकार्य’ असे लिहिले आहे.

आणि शुक्रवारी दुपारी तर आपले आणि माशांचे जमलेच होते, हे आपण नाकारू नये. लाल बॅटरीत आपण त्यांना बराच वेळ पाहत बसलात. म्हणालात, आपल्या वाडवडिलांनी गावोगाव तलाव बांधले, पण बिनडोळ्यांचा मासा कोणी पाहिला नाही. “याले बोडीत सोड, चार दिवस ऊन लागलं का कोंबावानी डोळे फुटतील.” मी नाही म्हटले. मग मी पोते भिजवायला गेलो असताना आपण हळूच खिशातला मुरमुरा पाण्यात टाकलात, आणि मासा वळून आला. “खाऊन राहिला! भुपेंद्र, खाऊन राहिला!” असे आपण नियम पाच विसरून ओरडलात. मी रागावलो नाही. वहीत लिहिले: ‘शुक्रवार, दुपारी २.४०, मुरमुरा एक, मनिराम मामाजींच्या हस्ते.’ आपले नाव आता शास्त्राच्या वहीत आहे.

आता कालची पहाट. लेंडीची पूड मॅडमनी कागदी पिशवीत दिली होती, ती ओली पोती लागून फाटली. घरात बरोबर मापाची एकच वस्तू होती, आईची तंबाखूच्या गुडाखूची रिकामी डबी. मी ती धुतली, पुसली, पूड भरली आणि वर चिठ्ठी चिकटवली: ‘वटवाघळाची लेंडी. माणसांसाठी नाही.’ दोन्ही वाक्यांपुढे पूर्णविराम दिला. फक्त एक गोष्ट राहिली, की ज्या खोलीत दिवा लावायचा नाही त्या खोलीत चिठ्ठी कोण वाचणार? आणि आपली दात घासायची गुडाखूची डबी त्याच कोनाड्यात असते, हे वीस वर्षे मंडईला पाहूनही माझ्या लक्षात आले नाही. आपण अंधारात चाचपडत बोट बुडवले, हिरड्यांना लावले, आणि म्हणे बराच वेळ घासलेत. आईला हाक मारून “यंदाची गुडाखू सपक आहे” असेही म्हणालात. मी तापमान घ्यायला आलो तेव्हा आपली दुसरी वेळ चालू होती. मामाजी, मी त्या क्षणी गप्प बसलो असतो तर आपण आज इथेच असता, मंडई पाहिली असती, रात्री दंडारीच्या खेळाला पहिल्या रांगेत बसला असता. पण मला खोटे बोलता येत नाही, आणि त्या पुडीचा हिशेब ठेवायचा होता. मॅडमना विचारले आहे: ती भट्टीत भाजून निर्जंतुक केलेली आहे, काहीही होत नाही. उलट फार पौष्टिक, असे त्या म्हणाल्या. (रातकिड्यांसाठी.)

असो. बाबांचे म्हणणे, मी घराण्याचे नाक कापले. आई काल दिवसभर आपल्या वाटणीचे वडे कोणालाच खाऊ देत नव्हती. सायंकाळी स्वतःच एक खाल्ला आणि रडली. म्हणून मी हात जोडून माफी मागतो. राग माझ्यावर ठेवा, आईवर नको. पुढच्या मंडईला आपली खाट त्याच खोलीत पडेल, दिवा लावून, कॉइल दोन्ही बाजूंनी पेटवून, आणि गुडाखू मी स्वतः आधी चाखून देईन. उद्याच्या अकरा वाजण्याला आपला आशीर्वाद असावा, एवढे मागून पुरे करतो.

आपला आज्ञाधारक (यापुढे),
भुपेंद्र

ता. क. १: मामाजी, एक लहानशी गोष्ट राहिली. रक्तदाबाची गोळी घेतली नसल्यास आधी घ्यावी. काल आपण गेल्यावर दुपारी मोजणी केली तर रातकिडे पाच भरले. मी सतरा वेळा मोजले. आपली निळी पिशवी दोन दिवस त्या डब्याच्या वरच्याच खुंटीला होती, आणि तिच्यातून डांबरगोळ्यांचा वास येत होता (नियम तीन), म्हणून शुक्रवारी मी गोळ्या काढून घेतल्या आणि पिशवीचे तोंड रात्रभर उघडे ठेवले. गोळ्या हिमांशूबरोबर परत पाठवतो आहे. तीन. तेव्हा कृपा करून पिशवी अंधाऱ्या खोलीत न्यावी, कपडे एकेक करून, न झटकता काढावेत, आणि लांब मिशांचा फिकट रातकिडा दिसल्यास अलगद हिमांशूच्या डब्यात घालावा. आत ओला कापूस आहे. मामीजींना कळू देऊ नये. फोनवर हे सांगता येत नव्हते, त्याचे खरे कारण हेच, कारण त्या फोन स्पीकरवर ठेवतात आणि त्यांच्या हाताशी झाडू असतो. माझी दोन वर्षे आपल्या स्वेटरच्या बाहीत असू शकतात.

ता. क. २: पिशवी उन्हात टाकली असल्यास आणि तो मेला असल्यास, तरीही कागदात गुंडाळून, वेळ लिहून पाठवावा. मी मॅडमना खरे ते सांगेन. डोळ्यांत पाणी आल्यामुळे वरच्या ओळीत शाई फुटली आहे, ती खाडाखोड समजू नये.

ता. क. ३: थांबा! पिशवी उघडू नका! मॅडमचा फोन आला. मी रडत रडत सगळे कबूल केले. त्यांनी विचारले, तो सहावा रातकिडा दिसायला कसा होता? मी वही काढली. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत सहाव्या क्रमांकासमोर मी चारही दिवस लिहिले आहे: ‘शांत. रंग काचेसारखा. जागा बदलली नाही.’ मॅडम एवढ्या हसल्या की त्यांना फोन दुसऱ्या हातात घ्यावा लागला. ती कात होती, मामाजी. रातकिडा अंग वाढले की साप टाकतो तशी कात टाकतो, आणि पुढे कधीतरी स्वतःच ती खाऊन टाकतो. म्हणजे मुळात पाचच होते. अकरा नव्हे, दहा. एका रिकाम्या कातीसाठी मी तिसरी कॉइलही पेटवू दिली नसती. मॅडम म्हणाल्या, चार दिवस कातीचीही नोंद ठेवणारा माणूस मला पाहिजेच. उद्या दहा दाखव आणि चल. मी वहीत आयुष्यातली पहिली खाडाखोड केली, शेजारी सही केली. खात्री म्हणून हिमांशूला आत घेऊन, बॅटरी त्याच्या हातात देऊन, झाकण काढून आत्ताच पुन्हा मोजले: बरोबर दहा. आता पिशवीला हात लावू नये. डब्यात आई वडे घालणार होती, पण त्याला भोके असल्याने ते कागदात दिले आहेत. पत्र पुन्हा लिहीत नाही, कारण तीन तास गेले आहेत आणि हिमांशू बाहेर हॉर्न वाजवून राहिला.

(पाकिटाच्या पाठीवर. हे सर्वांत आधी वाचावे.)

मामाजी, झाकण लावायला गेलो तर नऊ. मोजताना हिमांशूने त्याचे हेल्मेट डब्याशेजारी उलटे ठेवले होते. आत काळोख, घामाचा ओलावा, वारा नाही. मॅडमच्या बहुतेक सगळ्या अटी ते हेल्मेट पूर्ण करते. मी धावत बाहेर आलो तर तो ते घालून गाडीवर बसलेला. आत बोलावले, तर म्हणतो, “आता उतरत नाही, सकाळपासून बसवून ठेवला मले!” खरे सांगितले तर तो हेल्मेट भिरकावून देईल, आणि अंगणात ऊन आहे, कोंबड्या आहेत. म्हणून त्याला काही न सांगता, फक्त सावकाश चालव म्हटले आहे. तो आला की चहापाणी नंतर, आधी त्याला अंधाऱ्या खोलीत न्यावे, हेल्मेट आपण स्वतःच्या हाताने काढावे, आणि डबा तयार ठेवावा. मामाजी, माझी शंका चुकीची नाही. पाकीट त्याच्या पाठीवर टेकवून हे लिहिताना मी नीट पाहिले. त्याच्या डाव्या कानाजवळ हेल्मेटखालून एक लांब मिशी बाहेर आली आहे आणि ती रस्ता चाचपून राहिली आहे. हिमांशूला मिशा नाहीत.